काटा पासष्टवर होता

व्हर्ला टॉलेफसन ट्रकमधून उतरली ती
आधी बूट लोंबकळवत, मग दाराला धरून,
मग एक शिवी, मग जमीन.
"हे उंटावरून उतरणं आता बास," म्हणाली.
"छोटी चाकं घाल."

छोटी म्हणजे केवढी?
मोंटानाच्या उत्तरेला, हायवे दोनच्या कडेला
तीस वर्षं मी हेच विचारतोय
आणि लोक हातांनी दाखवतात,
सुटून गेलेला मासा दाखवावा तसं.

दाराच्या चौकटीवरची धूळ अंगठ्यानं पुसली.
खाली कंपनीचं मूळ माप:
दोनशे पासष्ट, सत्तर, सतरा.
पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये.
दुसरा, त्या रुंदीच्या किती टक्के उंच टायरची भिंत.
तिसरा रिमचा, इंचात.
"एकाच रबरावर मिलिमीटर आणि इंच?"
तिनं चष्मा कपाळावर सरकवला.
"आमच्या घरासारखंच.
लाइल अंतर मैलांत सांगायचा, मी तासांत."

मधलंही एक माप असतं, मी म्हटलं,
दोनशे पंचावन्न, ऐंशी, सतरा.
उंच, पण अंगानं बारीक.
मार्चमधला आपला चिखल तुला ठाऊकच आहे,
रुंद टायर त्याच्यावर तरंगायला जातो
आणि खड्ड्यात जाऊन बसतो.
बारीक टायर चिखल कापत खाली उतरतो.
खाली कुठंतरी घट्ट जमीन असते.
असते, बहुतेक.

वेलननं जॅक लावला.
पस्तीस इंची चाक निघालं
तेव्हा मडगार्डच्या आतलं प्लास्टिक
घासून घासून चकचकीत झालेलं दिसलं.
"वळताना आवाज यायचा?"
"मला यायचा. लाइलला नाही."

मग मी ते सांगितलं, जे सगळ्यांना सांगतो,
हात पुसता पुसता, सवयीनं:
मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता खातं.
मीटर फेऱ्या मोजतं, रस्ता नाही.
यांच्यावर काटा पासष्ट दाखवायचा
तेव्हा ट्रक खरा बहात्तरनं पळत असायचा.

"बहात्तर," व्हर्ला म्हणाली.
तो प्रश्न नव्हता.

पाच वर्षांपूर्वी, रात्री, चिनूकच्या अलीकडे
पोलिसानं थांबवलं होतं त्यांना.
त्याच्या यंत्रात बहात्तर.
लाइल खिडकीतून पुन्हा पुन्हा तेच:
काटा पासष्टवर होता, साहेब, पासष्टवर होता.
"मीच म्हटलं त्याला, पोलिसादेखत,
लाइल, पुरे कर आता.
घरापर्यंत बोलला नाही.
नंतर बोलला, पण ते सोडून सगळं."

कॉम्प्रेसर सुरू झाला, दोन मिनिटं घरघरला, थांबला.
ती माझ्याकडे बघत होती.
"ही चाकं तूच बसवलेली ना?
तेव्हा त्याला हे सांगितलं होतंस?"

शनिवार होता. दुकान बंद करायची घाई होती.
नवी चाकं बघून तो लहान पोरासारखा
ट्रकभोवती तीन चकरा मारून आला
आणि मी पैसे मोजत होतो.
"आठवत नाही," मी म्हटलं.
आठवत होतं.

बराच वेळ ती त्या चार टायरांसमोर उभी राहिली,
भिंतीला टेकवलेले, खाचांत अजून खडे,
कुठल्या कुठल्या रस्त्यांचे.
एक खडा नखानं काढायला गेली, निघाला नाही.

"त्या मधल्यावर काटा पासष्टला असताना खरे किती?"
"अडुसष्टच्या आसपास. पण मीटर जुळवता येतं,
कॉम्प्युटर लावून, पाच मिनिटांचं काम."
"नको," म्हणाली. "ते घाल. आणि मीटरला हात लावू नकोस."

नट मी स्वतः आवळले, एकेक, समोरासमोरचे, दोनदा.
अजूनही तिला दाराला धरूनच चढावं लागलं,
फक्त शिवी थोडी आखूड झाली.
"पन्नास मैलांनी परत ये," मी म्हटलं,
"नट पुन्हा तपासून देतो."

"कुठले पन्नास?" तिनं विचारलं
आणि दार ओढून घेतलं.